केस तुमची, तडजोड परस्पर? प्ली बार्गेनिंगच्या वेळी पीडिताने काय करायचं, क्रमाने

"ताई, केस संपली म्हणे, आम्हाला कुणी बोलावलंच नाही." असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, एफआयआरमध्ये पत्ता कुठला दिलाय? दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर येतं की जुन्या भाड्याच्या खोलीचा, आणि मोबाईल नंबरही बदललाय. कोर्टाची नोटीस त्या खोलीवर गेली, "सदर इसम येथे राहत नाही" असा शेरा लागून परत आली, आणि आरोपी, त्याचा वकील आणि सरकारी वकील यांच्यात जे ठरलं ते ठरलं. आरोपी गुन्हा मान्य करतो आणि त्या बदल्यात कमी शिक्षा मागतो, यालाच प्ली बार्गेनिंग म्हणतात. कायद्याने तुमची खुर्ची त्या टेबलाला आहे, पण त्या खुर्चीवर तुम्ही नसाल तर कोर्ट तुम्हाला शोधत फिरत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, लोक नेमकं शेवटून सुरू करतात, म्हणजे निकाल लागल्यावर धावतात.

हे सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पुढे मी तिला नुसतं "संहिता" म्हणते. तुमची केस त्या तारखेच्या आधीपासून कोर्टात चालू असेल तर तिला जुना सीआरपीसीच (फौजदारी प्रक्रिया संहिता) लागतो, तिथे प्ली बार्गेनिंग कलम २६५-ए ते २६५-एल मध्ये आहे, फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

## आधी ओळखा: केस नक्की कोणत्या दारातून बाहेर चाललीय

"सेटलमेंट झालं" हा शब्द लोक पाच वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चुकीच्या कलमाखाली अर्ज दिला तर तो फेटाळला जातो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते, त्यामुळे आधी हे नीट बघा.

प्ली बार्गेनिंग, कलम २८९ ते ३००. आरोपी स्वतः अर्ज करतो की मी गुन्हा मान्य करतो, शिक्षा कमी द्या, पीडिताला भरपाई देतो. पोलीस केसमध्ये तुम्हाला बैठकीची नोटीस देणं कोर्टावर बंधनकारक आहे. हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.

कंपाउंडिंग, कलम ३५९. आपण ज्याला आपसात मिटवणं म्हणतो ते. काही ठराविक गुन्ह्यांतच चालतं आणि तुमच्या बाजूच्या सहीशिवाय होत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा वेगळा कायदा) कलम १०६, हे यात बसत नाही, त्यामुळे अपघाताच्या केसमध्ये "इथे सही करा, कोर्टात मिटवून टाकू" असं कुणी म्हणत असेल तर ते तुमच्याकडून दुसऱ्याच कशावर तरी सही घेतायत.

खटला मागे घेणं, कलम ३६०. हे सरकारी वकील करतात, कोर्टाच्या परवानगीने. नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाने ही परवानगी द्यायची नाही. जुन्या कलम ३२१ मध्ये ही ओळ नव्हती.

साधी कबुली. चार्ज वाचून दाखवल्यावर आरोपी म्हणतो "गुन्हा कबूल". मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात) हे कलम २६४ खाली होतं. यात वाटाघाट नाही, बैठक नाही आणि तुम्हाला नोटीसही नाही. सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो, कारण एका दुपारी केस सुरू होऊन संपलेली असते.

एफआयआर रद्द करणं, कलम ५२८ खाली हायकोर्टात. यात तुमचं संमतीचं ॲफिडेव्हिट लावलं जातं. ते तुम्ही वाचून केलं का, एवढाच प्रश्न असतो.

तपासा: तुमच्या केसमध्ये यातलं काय चाललंय हे तोंडी ऐकून ठरवू नका. आरोपीने दिलेल्या अर्जावर वर कलम लिहिलेलं असतं, ते स्वतःच्या डोळ्याने बघा.

## १. चार्ज फ्रेम व्हायच्या आधी स्वतःला रेकॉर्डवर आणा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त वगळली जाते तीही हीच. चार्ज फ्रेम झाल्यापासून, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केल्यापासून, ३० दिवसांत आरोपीला प्ली बार्गेनिंगचा अर्ज करायचा असतो, अर्ज स्वेच्छेचा आहे असं कोर्टाला पटलं की बोलणी करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणजे चार्जच्या दिवसानंतर तीन-चार महिन्यांत सगळं उरकू शकतं. तुम्ही चार्जनंतर वकील शोधायला लागलात तर अर्धा वेळ तिथेच गेला.

काय काय करायचं:

एक, पोलीस स्टेशनला तपास अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज द्या, त्यात सध्याचा पत्ता, दोन मोबाईल नंबर (एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा) आणि ईमेल. पोचपावती घ्या. तक्रारदाराला किंवा पीडिताला तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत कळवायचं पोलिसांवर बंधन आहे, कलम १९३ मध्ये, आणि ते मेसेजवरही कळवता येतं, त्यामुळे नंबर बरोबर असणं फार गरजेचं.

दोन, वकील लावा आणि वकीलपत्र दाखल करा. लोक म्हणतात, सरकारी वकील आहेत की, मग आपला कशाला? सरकारी वकील सरकारचे असतात. ते तुमच्या बाजूने उभे असले तरी तुमचे नसतात, त्यांच्याकडे एका दिवसात ढिगाने फायली असतात, तुमचा हॉस्पिटलचा खर्च किती झाला हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. सरकारी पक्षाला मदत करायला पीडिताला स्वतःचा वकील लावू देण्याची सोय कलम १८(८) मध्ये आहे, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते, तसा एक पानी अर्ज द्यायचा.

तीन, वकीलपत्र लागलं की चार्जशीटची कॉपी मागा. कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत चार्जशीट आणि कागदपत्रं आरोपीबरोबरच पीडितालाही द्यायची आहेत, पण पीडिताचा वकील असेल तरच. ही अट बऱ्याच जणांना माहीतच नसते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, किंवा १५१०० या हेल्पलाईनवर फोन करा. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सावधान: "पत्ता पोलिसांकडे दिलाय" म्हणजे कोर्टाकडे गेला असं नाही. कोर्टात वेगळी पुरसीस (माहिती कळवणारा लेखी कागद) द्या, त्यावर केस नंबर टाका, आणि पुढच्या तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) तिची नोंद झाली का ते बघा.

पीडित वारला असेल तर कायदेशीर वारस, आणि लहान असेल तर पालक, हेही कायद्याच्या व्याख्येत पीडितच आहेत. अपघातात मुलगा गेलेल्या आईला "तुम्ही फिर्यादी नाही, फिर्याद पोलिसाने दिलीय" असं सांगून कुणी परत पाठवत असेल तर पाठवू देऊ नका. व्याख्या कलम २(१)(वाय) मध्ये आहे, तोंडपाठ करून ठेवा.

## २. तारखा स्वतः बघा, कुणाच्या फोनची वाट बघू नका

प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो घेऊन ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केस सेव्ह करा, दर आठवड्याला एकदा उघडून बघा. पुढची तारीख, स्टेज आणि ऑर्डर तिथे दिसते. मात्र ॲपवरच्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून बसू नका, खरा कागद म्हणजे रोजनामा, कोण हजर होतं, कुणी काय अर्ज दिला, कोर्टाने काय हुकूम केला हे त्यात असतं.

माझा नियम असा आहे की चार्जच्या तारखेला पीडिताने स्वतः कोर्टात जायचं, मग कामाचा एक दिवस बुडला तरी चालेल. साधी कबुली त्याच दिवशी होऊ शकते, आणि ती झाली तर त्याच क्षणी उभं राहून वकिलामार्फत भरपाईचा अर्ज द्यायचा असतो, कलम ३९५ खाली, म्हणजे शिक्षा ठरवताना कोर्टासमोर तुमचं नुकसान असेल. अर्ज आधीच टाईप करून फाईलमध्ये ठेवा, तारीख रिकामी सोडून.

तपासा: चार्जच्या तारखेनंतर बरोबर ३० दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. त्यानंतर आलेला अर्ज मुदतीबाहेरचा आहे, हा आक्षेप घेता येतो. जुन्या सीआरपीसीच्या केसमध्ये ही ३० दिवसांची अट नाही, तिथे हा मुद्दा काढू नका.

## ३. अर्ज आला की त्याच दिवशी चार गोष्टी तपासा

पोलीस केसमध्ये अर्ज आल्यावर पहिली नोटीस सरकारी वकिलांना आणि आरोपीला जाते, तुम्हाला नाही. तुमची नोटीस नंतर, बैठकीसाठी येते. म्हणून वर म्हटलं की तारखा स्वतः बघा. अर्जाची आणि सोबतच्या ॲफिडेव्हिटची नक्कल काढा. नक्कल विभागात कधी कधी "तुम्ही पार्टी नाही" म्हणून अडवतात, वकीलपत्र रेकॉर्डवर असलं की हा वाद सहसा होत नाही.

मग बघायचं ते असं. पहिलं, गुन्हा यात बसतो का? मरणदंड, जन्मठेप किंवा ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात प्ली बार्गेनिंग चालत नाही. नेमकी ७ वर्षं असेल तर चालतं, हे लोक उलटं धरतात. न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ला कमाल ७ वर्षं आहे, म्हणजे ते बसतं. चार्जशीटमध्ये अनेक कलमं असतील तर प्रत्येक तपासा, एक जरी जन्मठेपेचं असेल तर तिथेच आक्षेप.

दुसरं, गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध झालाय का? असेल तर हा मार्गच बंद आहे. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या यादीतले गुन्हेही बाहेर आहेत, त्यात हुंडा प्रतिबंधक कायदा आणि ॲट्रॉसिटी कायदा आहे. मी एक फाईल बघितली होती, फिर्यादी बाई, मार तिलाच लागलेला, आणि तरी अर्ज पुढच्या तारखेपर्यंत सरकत गेला होता कारण कुणी हा मुद्दा तोंडातूनच काढला नाही. तिच्या वकिलाने दोन ओळींचा हरकत अर्ज दिला आणि विषय तिथेच थांबला. दोन ओळींचं काम होतं ते.

तिसरं, आरोपीला याच गुन्ह्यासाठी आधी शिक्षा झालीय का? आरोपीने ॲफिडेव्हिटवर लिहून द्यायचं असतं की नाही झाली. ई-कोर्ट्सवर नावाने शोधा, आसपासच्या तालुक्यांतही शोधा, वडिलांचं नाव जुळतंय का बघा (एकाच नावाची माणसं खूप असतात, उगाच आरोप करू नका), आणि काही सापडलं तर लेखी स्वरूपात सरकारी वकिलांना द्या आणि त्याची प्रत कोर्टात. आधीची शिक्षा निघाली तर कोर्टाला हा अर्ज सोडून खटला पुढे चालवावा लागतो.

चौथं, मुदत, जी वर सांगितली.

सावधान: हरकत तोंडी घेऊ नका. "मी साहेबांना सांगितलं होतं" याला नंतर हायकोर्टात काही किंमत नाही. लेखी द्या, त्यावर निशाणी नंबर (कोर्टाच्या फाईलमधला कागदाचा क्रमांक) पडू द्या.

## ४. इन कॅमेरा भाग: इथे बाहेर थांबावंच लागतं

इथे खूप गैरसमज आहे म्हणून थोडं सावकाश सांगते. अर्ज आल्यावर कोर्ट आरोपीला एकट्याला विचारतं की तू हे मनापासून करतोयस ना, कुणी दबाव नाही ना टाकला? हे बंद दाराआड होतं आणि दुसऱ्या बाजूने तिथे हजर राहायचं नसतं, कायद्यातच तसं आहे. यावेळी तुम्हाला बाहेर काढलं तर तो तुमच्यावर अन्याय नाही, तिथे भांडू नका, कोर्टाचा मूड विनाकारण खराब होतो.

पण त्यानंतरची बैठक, जिथे शिक्षा आणि भरपाई ठरते, ती कलम २९१ ची बैठक, तिथे तुम्हाला बाहेर ठेवणं चूक आहे. पोलीस केसमध्ये कोर्टाने सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित या चौघांना नोटीस काढायची असते. बंद दाराचा पहिला भाग आणि ही बैठक एकच आहे असं भासवून तुम्हाला बाहेर बसवलं जाऊ शकतं, कधी मुद्दाम, कधी नुसती घाई म्हणून. बाहेर बसलेले असताना बेंच क्लार्कला एवढंच विचारा, आत्ता आत आरोपीची तपासणी चाललीय की बैठक?

## ५. बैठकीच्या आधी आकडा तयार ठेवा

बैठकीत "तुम्हाला किती पाहिजेत?" असं अचानक विचारतात आणि माणूस गडबडून जातो, लाजतो, "साहेब द्याल ते" म्हणतो. असं करू नका. पैसे मागितले की आपण लालची ठरू असं वाटतं, विशेषतः घरात मृत्यू झालेल्यांना. हा पैसा कायद्याने ठरवलेला भाग आहे, त्यात भरपाई आणि केसच्या काळात झालेला इतर खर्च दोन्ही येतात.

एका कागदावर टेबल करा. हॉस्पिटलचं बिल, औषधं, पुढे लागणारे उपचार (डॉक्टरांचं पत्र जोडून), बुडालेला पगार किंवा रोज, दुरुस्ती, गेलेल्या वस्तूंपैकी मुद्देमालात परत न मिळालेलं काय, तारखांना येण्याजाण्याचा खर्च. प्रत्येक ओळीला पावतीचा नंबर द्या. ज्याला पावती नाही त्या ओळी वेगळ्या, खाली, म्हणजे वरच्यांवर शंका येत नाही.

दुसरा आकडा शिक्षेचा, आणि हा कुणीच काढून जात नाही. प्ली बार्गेनिंग झालं की शिक्षा किती खाली येऊ शकते ते कलम २९३ मध्ये आहे. कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असेल तर त्या किमानच्या निम्मी, आणि आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल तर किमानच्या एक चतुर्थांश. किमान ठरलेली नसेल तर कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, पहिल्या गुन्ह्याला एक षष्ठांश. म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलम १०६(१) मध्ये कमाल ५ वर्षं, तर हिशोब १५ महिने, पहिला गुन्हा असेल तर १० महिने. फसवणुकीच्या ७ वर्षांचा हिशोब २१ महिने किंवा १४ महिने. त्यातही आधी जेलमध्ये काढलेले दिवस वजा होतात, आणि कोर्टाला योग्य वाटलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा मार्गही उघडा असतो. पहिल्या गुन्ह्याची जादा सूट जुन्या सीआरपीसीत नाही.

हे आधी माहीत असेल तर तुम्ही शांत डोक्याने ठरवू शकता की तुम्हाला काय हवंय. काहींना खटला नको असतो, वर्षानुवर्षं तारखा खाऊन दमलेले असतात, पैसे वेळेत मिळाले तर पुरे. काहींना आरोपीने भर कोर्टात गुन्हा मान्य केलाय हेच हवं असतं. दोन्ही बरोबर आहे, दुसऱ्या कुणी ठरवू नये.

सावधान: या काळात घरी माणसं येतात. गावातला कुणी मोठा, आरोपीचा मामा, हातात पाकीट. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर, "माझी काही हरकत नाही" एवढ्याच ओळीवर सही नाही म्हणजे नाही. दमदाटी झाली तर तारीख-वेळ लिहून त्याच दिवशी पोलिसांत अर्ज द्या आणि कोर्टालाही कळवा, साक्ष बदलायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

## ६. बैठक

पोलीस केसमध्ये एक बारीक अडचण आहे. खाजगी फिर्यादीच्या (थेट कोर्टात दाखल केलेल्या) केसमध्ये पीडित वकिलासोबत बसू शकतो असं कायद्यात सरळ लिहिलंय, पण पोलीस केसच्या बैठकीत वकिलाचा उल्लेख फक्त आरोपीसाठी आहे. मग आरोपीचा वकील म्हणतो, यांच्या वकिलांचं इथे काय काम? म्हणून बैठकीच्या आधीच्या तारखेला अर्ज द्या की पीडिताला स्वतःच्या वकिलासोबत हजर राहू द्यावं, कलम १८(८) चा आधार घ्या, आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा जगजित सिंग विरुद्ध आशिष मिश्रा हा निकाल जोडा. लखीमपूर खेरीच्या केसमधला तो जामिनाबद्दलचा निकाल आहे, पण त्यात कोर्टाने म्हटलंय की तपासापासून अपील संपेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे.

बैठकीत बोलायचा क्रम ठेवा. आधी काय झालं ते दोन मिनिटांत, मग तुमचा टेबलचा कागद सगळ्यांना एकेक प्रत, मग शिक्षेबद्दल मत. रडू आलं तर येऊ दे, पण आकडे कागदावर असले की बोलणं भरकटत नाही.

पैसे कसे मिळणार हे तिथेच पक्कं करा. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका. डिमांड ड्राफ्ट, किंवा निकालाआधी कोर्टात रक्कम जमा, एवढे दोनच पर्याय मी माझ्या माणसांना सुचवते. हप्ते मान्य केले तर हप्त्यांच्या तारखा रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

अपघाताच्या केसमध्ये आणखी एक. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुमचा क्लेम वेगळा चालतो, त्याचा आणि या भरपाईचा घोळ होऊ देऊ नका. "सर्व हक्क व दावे सोडून देत आहे" अशी ओळ मसुद्यात घुसवलेली असते, ती खोडायला लावा. ही ओळ न वाचता सही झाली तर विमा कंपनी पुढे तिचाच आधार घेईल.

पटत नसेल तर नाही म्हणा. कायद्याचे शब्द आहेत परस्पर समाधानकारक निपटारा, आणि तुमचं समाधान नसताना त्याला तसं म्हणता येत नाही हा तुमचा मुद्दा. प्रक्रिया सगळ्यांनी स्वेच्छेने पूर्ण केली का हे बघणं कोर्टाचंच काम आहे, म्हणून "मला मान्य नाही, कारणं अशी" अशी लेखी नोंद करा. निपटारा झाला नाही तर कोर्ट तसं नोंदवतं आणि अर्ज आला तेव्हा जिथे होता तिथून खटला पुढे चालतो. नाही म्हटलं म्हणून केस मरत नाही, ही भीती घालणारे खूप भेटतील.

## ७. रिपोर्टवर सही

ठरलं तर कोर्ट रिपोर्ट तयार करतं, त्यावर न्यायाधीश आणि बैठकीला असलेल्या सगळ्यांच्या सह्या होतात. तुमची सही ही औपचारिकता नाही. सही करण्याआधी रिपोर्ट तुमच्या भाषेत वाचून मागा. नाव, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कधीपर्यंत, कशाने, शिक्षेबद्दल काय ठरलं, आणि वर सांगितलेली ती दावे सोडण्याची ओळ नाही ना. घाई करत असतील तर "मला दहा मिनिटं द्या" म्हणा, दहा मिनिटं सगळे देतात.

तपासा: सही झाल्यावर लगेच सर्टिफाइड कॉपीचा अर्ज द्या, त्याच दिवशी.

## ८. निकालाचा दिवस

रिपोर्टनंतर शिक्षा किती यावर कोर्ट पक्षांना ऐकतं, त्यावेळी हजर राहा. निकाल खुल्या कोर्टात द्यायचा असतो, तिथे बंद दार नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या, प्ली बार्गेनिंगच्या निकालावर अपील नाही. कलम २९५. फक्त हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली रिट (हायकोर्टाच्या खास अधिकाराखालचा अर्ज), किंवा सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली परवानगी अर्ज. त्यामुळे "आत्ता सही करू, नंतर वर जाऊन बघू" हा विचार इथे चालत नाही.

साध्या कबुलीचा निकाल वेगळा. तिथे भरपाई अपुरी वाटली तर कलम ४१३ खाली पीडित म्हणून अपील करता येतं. पण नुसती शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील नाही, २०२० च्या परविंदर कन्सल केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय, ते अपील सरकार करू शकतं, तेव्हा सरकारी वकिलांकडे लेखी विनंती द्या.

## ९. तुम्हाला न बोलावता झालंच असेल तर

पहिले दोन दिवस रागात घालवू नका, कागद गोळा करा. लागतात ते हे: निकालाची सर्टिफाइड कॉपी, आरोपीचा अर्ज आणि ॲफिडेव्हिट, बैठकीचा रिपोर्ट, अर्जापासून निकालापर्यंतचा सगळा रोजनामा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या नावाने काढलेली नोटीस आणि तिच्यावरचा बजावणीचा शेरा. नोटीस काढलीच नव्हती, काढली पण जुन्या पत्त्यावर गेली, की तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी घेतली, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि रिटमध्ये वेगळ्या पद्धतीने लिहाव्या लागतात. तुम्ही आधी पत्ता बदलाची पुरसीस दिली असेल तर तिची पोच इथे सगळ्यात वजनदार कागद ठरते.

मग मुद्दे वेगळे करा. बैठकीची नोटीस नाही, हा एक. गुन्हा मुळात बसतच नव्हता (स्त्रीविरुद्धचा, यादीतला, ७ वर्षांवरचा), हा दुसरा आणि बहुधा सगळ्यात जोरदार. आरोपीने आधीची शिक्षा लपवली, हा तिसरा. "शिक्षा फार कमी झाली" हा मुद्दा एकटा घेऊन जाऊ नका, रिटमध्ये कोर्ट प्रक्रिया चुकली का ते आधी बघतं.

रिटला अपीलासारखी ठरलेली दिवसांची मुदत नसते, पण उशीर का केला हे कोर्ट विचारतंच, म्हणून तुम्हाला निकाल कोणत्या तारखेला आणि कसा कळला हे आजच लिहून ठेवा, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. हायकोर्टाच्या वकिलाची फी झेपणार नसेल तर हायकोर्टाचीही विधी सेवा समिती असते, १५१०० वरच विचारा, आणि जाताना वरची सगळी कागदपत्रं तारखेच्या क्रमाने लावून एकाच फाईलमध्ये न्या, सुटी पानं घेऊन गेलात तर पहिली भेट नुसती पानं लावण्यात जाते.